घरगुती यंत्रविद्या : गंजून धरलेले बोल्ट

यंत्र झिजून बिघडलें तर तें दुरुस्त करतां येतें. परंतु दुरुस्तीच्या उतावळेपणांत जें मोडतें, तें पुन्हां सांधणें पुष्कळदां फार महागांत पडतें. जुन्या मोटारगाडीचें इंजिन खोलूं पाहणाऱ्या मनुष्यास हा धडा बोटाच्या पेराएवढा एक गंजलेला बोल्ट पहिल्याच दिवशीं देतो. 'बळी तो कान पिळी' ही म्हण जगांत पुष्कळ ठिकाणीं खरी ठरत असेल. पण गंजलेल्या बोल्टाचे कान पिळणाऱ्या बळवंताच्या हातांत बहुधा बोल्टाचें डोकें तेवढें येतें, आणि धड इंजिनांत रुतून राहतें. सबब, धरलेला बोल्ट न मोडतां कसा सोडवावा, आणि मोडलाच तर पुढें काय करावें, ह्याचा विचार ह्या महिन्याच्या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ कारखानदारांचा आहे असें कोणीं समजूं नये. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, वाड्याच्या मागल्या पडवींत अथवा बंगल्याच्या गॅरेजांत, आजोबांनीं किंवा थोरल्या काकांनीं हौसेनें घेतलेली एखादी फियाट गाडी अद्यापि उभी असेल. तिच्यावर धूळ बसलेली असते, टायर खालीं बसलेले असतात, आणि दर दिवाळीच्या साफसफाईच्या वेळीं तिच्याविषयीं घरांत तोच वाद पुन्हां निघतो. कोणी म्हणतो, भंगारांत देऊन जागा मोकळी करावी. कोणी म्हणतो, इंजिन काढून दुसरें बसवावें. आणि त्या गाडींतून सासरीं आलेली घरांतील वृद्ध माउली कांहींच बोलत नाहीं. शेवटीं एखादा तरुण पुतण्या बाह्या सरसावून पाना हातीं घेतो. अशा पुतण्यासाठीं, व त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीं, हा लेख आहे.

फियाटचेंच उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, महाराष्ट्राशीं तिचा संबंध फार जवळचा आहे. सोलापुरांत जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईंत कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. प्रथम तेथें अमेरिकेच्या क्राय्‌स्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या जोडल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन 'फियाट ११००' ही गाडी तेथें निघूं लागली, आणि तिलाच १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून हिनें दोन पिढ्यांची वाहतूक केली. अशा शेवटच्या टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत संपली. हिचें इंजिन चार सिलिंडरांचें व १०८९ घनसेंटिमीटरांचें. सिलिंडरांचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा आणि वरचें हेड ॲल्युमिनियमचें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढें वर्णिलेल्या निम्म्या अडचणी तिच्यांतून उद्भवतात.

आणखी एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें, पहिल्या नोंदणीस ५० वर्षें उलटून गेलेलीं व मूळ स्वरूपांत राखलेलीं खासगी वाहनें 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येतात, आणि त्यांस 'व्हीए' ही अक्षरें असलेला निराळा क्रमांक मिळतो. परंतु त्यास अट अशी कीं, गाडीचा सांगाडा, कवच व इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अर्थात् ज्या ब्लॉकावर गाडीचा मूळ क्रमांक ठोकलेला आहे, तो ब्लॉक ही त्या गाडीची जन्मपत्रिकाच होय. नट बाजारांत मिळतो, स्टड लेथवाला करून देतो, हेडही शोधल्यास सांपडतें. पण त्या क्रमांकाचा ब्लॉक जगांत एकच आहे. म्हणून कामाचा पहिला नियम असा : नटाचा बळी देऊन स्टड वाचवावा, स्टडाचा बळी देऊन हेड वाचवावें, आणि प्रसंग पडल्यास हेडाचाही बळी देऊन ब्लॉक वाचवावा. हा क्रम ज्याच्या डोक्यांत पक्का आहे, त्याच्या हातून मोठें नुकसान सहसा होत नाहीं.

आतां बोल्ट धरतो म्हणजे काय होतें, तें पाहूं. बोल्टाचे आटे व नटाचे आटे ह्यांच्यामध्यें केसाहूनही बारीक अशी फट असते, आणि तिच्यामुळेंच ते एकमेकांवरून फिरूं शकतात. ह्या फटींत ओल शिरली म्हणजे लोखंड गंजतें. गंजाचें आकारमान ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या दोनपासून सहा पटींपर्यंत असतें. त्यामुळें तो फटींत मावत नाहीं, आणि पाचर ठोकल्याप्रमाणें दोन्ही आट्यांस दाबून धरतो. हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार ॲल्युमिनियमच्या हेडाचा. पोलादी स्टड, ॲल्युमिनियमचें हेड आणि मध्यें रेडिएटरचें पाणी, अशी त्रयी जमली कीं तेथें एक लहानशी विद्युद्घटमालाच तयार होते, आणि तींत ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी कठीण भुकटी स्टडाभोंवतीं सिमेंटाप्रमाणें घट्ट बसते. आपल्याकडे वर्षानुवर्षें रेडिएटरांत नुसतें नळाचें अथवा विहिरीचें पाणी ओतण्याची चाल होती. तिचें हें फळ आहे. तिसरा प्रकार धूर जाण्याच्या मॅनिफोल्डावरील नटांचा. ते शेंकडों वेळां तापून निवालेले असल्यामुळें त्यांच्यावर करड्या रंगाची खपली चढलेली असते, आणि स्टडही झिजून बारीक झालेले असतात. तिन्ही रोग निराळे. म्हणून औषधही निराळें.

कामास आरंभ करण्यापूर्वीं एक दिवस केवळ साफसफाईस द्यावा. तारेच्या ब्रशानें प्रत्येक नटाभोंवतालची घाण काढावी, आणि नटाच्या वर जे आटे उघडे दिसतात ते विशेष काळजीनें स्वच्छ करावेत. कारण नट सुटल्यावर त्यास त्याच वाटेनें वर यावयाचें असतें, व ती वाट गंजानें भरलेली असेल तर तो मध्येंच पुन्हां अडकतो. मग छायाचित्र काढून ठेवावें. सुटलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर इंजिनाची आकृति काढून तिच्यांत ज्या त्या जागीं टोंचून ठेवण्याची जुन्या मिस्त्र्यांची रीत आजही अनुकरणीय आहे. कारण लांबींत थोडासा फरक असलेला बोल्ट भलत्या भोंकांत गेला तर तो तळाशीं टेंकून ब्लॉकास तडा पाडूं शकतो.

यानंतर तेल. रॉकेल, टर्पेंटाइन, डिझेल हीं जुनीं औषधें आहेतच. आतां बाजारांत खास झिरपणारीं तेलेंही मिळतात. घरोघरीं आढळणारें डब्ल्यूडी-४० हें द्रव्य मात्र मुळांत ह्या कामासाठीं निर्माण झालेलें नाहीं. अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील एका छोट्या कंपनीनें १९५३ सालीं तें तयार केलें तें अग्निबाणांच्या पत्र्यावरून ओल हटविण्यासाठीं. चाळिसाव्या प्रयत्नास तें साधलें म्हणून नांवांत ४० आला. ओल हटविण्यास तें उत्तम, पण खोल गंजांत शिरण्यास त्याहून चांगलीं तेलें आहेत. स्वयंचलित गिअरपेटीचें तेल व ॲसिटोन हीं समभाग मिसळून पुष्कळ हौशी लोक वापरतात. हें मिश्रण एकजीव राहत नसल्यामुळें प्रत्येक वेळीं हलवून घ्यावें लागतें, रंगावर पडल्यास रंग उतरवितें, आणि ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. म्हणून त्यानंतर त्याच दिवशीं आंच लावण्याचा विचारही करूं नये.

कोणतेंही तेल वापरा, खरें औषध म्हणजे वेळ. सकाळीं दोन थेंब, सायंकाळीं दोन थेंब, असा क्रम निदान आठ दिवस चालूं द्यावा, आणि प्रत्येक वेळीं नटाच्या डोक्यावर व कडांवर लहान हातोड्यानें दहा-पंधरा हलके ठोके द्यावेत. गंज हा ठिसूळ पदार्थ आहे. ठोक्यानें त्यास बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांतून तेल केशाकर्षणानें आंत ओढलें जातें. नुसतें तेल ओतून ठेवणारा व ठोके देणारा ह्यांच्या कामांत फार अंतर पडतें. घरांतील एखाद्या मुलाकडे हें सकाळ-सायंकाळचें तेल घालण्याचें काम देण्यास हरकत नाहीं. दिवस मोजण्याची संवय त्यास लागेल, आणि गाडी चालूं झाली म्हणजे तीत आपलाही हात आहे असें त्यास वाटेल.

आतां पाना. गंजलेल्या नटास उघड्या तोंडाचा पाना लावणें म्हणजे त्याचे कोपरे मुद्दाम झिजविणें होय. सहा बाजूंचा, घट्ट बसणारा सॉकेट पाना हाच योग्य. बारा खांचांचा सॉकेट केवळ कोपऱ्यांस धरतो, सहाचा सपाट बाजूंस धरतो. मापाचाही घोंटाळा पुष्कळ होतो. फियाटची मापें मेट्रिक आहेत, पण जुन्या इंग्रजी गाड्यांस व्हिटवर्थ मापांचे पाने लागतात. जोसेफ व्हिटवर्थ ह्यानें १८४१ सालीं ५५ अंशांचे आटे ठरविले. अमेरिकेंत १८६४ सालीं विल्यम सेलर्सनें ६० अंशांचे सुचविले. आणि अमेरिका, इंग्लंड व कॅनडा ह्यांचें एकमत होण्यास १९४८ साल उजाडावें लागलें. १९४५ नंतरच्या एमजी टीसी ह्या गाडीच्या इंजिनांत तर बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकीं व्हिटवर्थ मापाचीं, असा विचित्र संसार आढळतो. डॉज, प्लिमथ ह्या जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. ते सोडवितों असें समजून ते कसत बसलेल्या लोकांच्या गोष्टी गॅरेजांतून अद्यापि सांगितल्या जातात. म्हणून जोर लावण्यापूर्वीं आटे कोणत्या दिशेचे आहेत, हें एकदां डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

पाना लावल्यावर प्रथम बोल्ट सोडवूं नये, किंचित् कसावा. हें ऐकण्यास विपरीत वाटतें, परंतु कसण्याच्या दिशेनें केंसभर हलला तरी गंजाची पकड तुटते, आणि मग उलट फिरविणें सोपें जातें. एकदां हलला कीं पाव फेरा मागें, अर्धा पाव पुढें, तेल, पुन्हां पाव फेरा मागें, असें करीत राहावें. चर्रर्र असा आवाज करीत जो बोल्ट येतो त्याच्याविषयीं काळजी नको. तो खरोखर फिरतो आहे. भिण्याचा प्रसंग निराळा आहे. पाना फिरत असून आवाज मुळींच येत नाहीं, आणि गुळाचा पाक ढवळावा तसा मऊ प्रतिकार हातास लागतो, तेव्हां बोल्ट फिरत नसून पिळवटत आहे असें समजावें व तत्क्षणीं हात थांबवावा. त्यानंतरचा पाव फेरा त्याचा शेवटचा असतो.

पान्यास लांब पाइप जोडण्याची युक्ति सर्वांस ठाऊक आहे. तिचा हिशेबही ठाऊक असावा. १० मिलिमीटर जाडीचा सामान्य पोलादी बोल्ट सुमारें ५ किलोग्रॅम-मीटर पिळानें कसतात. एक मीटर लांब पाइपाच्या टोंकावर मनुष्यानें ३० किलोग्रॅम भार टाकला कीं ३० किलोग्रॅम-मीटर पीळ बसतो, म्हणजे सहा पट. इतका पीळ तो बोल्ट सोसणार नाहीं. पाइपाचा उपयोग सावकाश, मोजका व सारखा जोर देण्यासाठीं करावा, लोंबकळण्यासाठीं नव्हे.

हेडाचे नट काढतांना आणखी एक पथ्य आहे. इंजिन पूर्ण थंड असावें, आणि बाहेरच्या टोंकांच्या नटांपासून आरंभ करून मध्याकडे येत, प्रत्येक नट पाव-पाव फेऱ्यानें ढिला करावा. कसण्याचा क्रम ह्याच्या उलट, मध्यापासून बाहेर. एक नट संपूर्ण काढून मग दुसऱ्याकडे वळणारा मनुष्य ॲल्युमिनियमच्या हेडास वांक आणतो.

तेलानें व धीरानें जें साधत नाहीं, तें बहुधा उष्णतेनें साधतें. पोलाद दर अंश सेल्सियसास आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारें १२ भाग वाढतें; ॲल्युमिनियम सुमारें २३ भाग. १० मिलिमीटर छिद्राचा नट २०० अंशांनीं तापविला तर त्याचें छिद्र सुमारें ०.०२४ मिलिमीटरनें मोठें होतें. हा आंकडा क्षुद्र दिसतो, पण गंजाची पकड तोडण्यास तो पुरतो. म्हणून ज्योत नटावर धरावी, स्टडावर नव्हे. बोल्ट थेट ब्लॉकांत बसलेला असेल तर बोल्टच तापवून सावकाश निवूं द्यावा. तापतांना तो फुगून गंजास चिरडतो, आणि निवतांना आखडून त्याच्यापासून सुटतो. थोडा कोमट असतांना त्याच्या कडेस मेणबत्ती टेंकविली तर मेण वितळून आट्यांत ओढलें जातें व वंगणाचें काम करतें. ही जुन्या लोहारांची युक्ति अद्यापि नव्या तेलांच्या तोडीची आहे. तापलेल्या बिडावर पाणी मात्र कदापि ओतूं नये, बीड तडकतें. आणि ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाहीं. ६६० अंशांस तें एकाएकीं वितळतें. म्हणून हेडास ज्योत न लावतां, सर्व नट निघाल्यावर स्टडांच्या भोंवतीं उकळतें पाणी ओतावें. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढत असल्यामुळें पांढऱ्या भुकटीची पकड ढिली होते.

आग हा थट्टेचा विषय नव्हे. ज्योत पेटविण्यापूर्वीं कार्बुरेटर व पेट्रोलची नळी काढून दूर ठेवावी, बॅटरी सोडवावी, तेलाचे बोळे उचलावेत, अग्निशामक नळकांडें हाताशीं असावें, आणि काम उघड्या हवेंत करावें. ब्रेक धुण्याच्या कांहीं द्रव्यांत क्लोरिनयुक्त पदार्थ असतात. अशा द्रव्यानें भिजलेला भाग तापविला तर फॉस्जीन नांवाचा वायु निर्माण होऊं शकतो, जो पहिल्या महायुद्धांत शस्त्र म्हणून वापरला गेला होता. जस्ताचा मुलामा असलेले भाग तापविल्यास त्यांच्या धुरानें ताप भरतो. जुन्या हेड-गॅस्केटांत व ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. तें कोरडें खरवडूं नये, ओलें करून काढावें, आणि त्याची धूळ घरांत येऊं देऊं नये. मुलांस ठोके मारूं द्यावेत, तेल घालूं द्यावें. पण ज्योतीजवळ व ह्या धुळीजवळ त्यांस उभें करूं नये.

इतकें करूनही नट हटत नसेल तर त्याचा बळी देण्याची वेळ आली असें समजावें. करवतीनें किंवा नट फोडण्याच्या हत्यारानें नटाची एक बाजू आट्यांपर्यंत चिरावी व छिन्नीनें तो उकलावा. दोन-चार रुपयांचा नट गेला, स्टड राहिला. मॅनिफोल्डावर पुन्हां पोलादी नट न लावतां पितळी लावावेत. ते स्टडास धरून बसत नाहींत.

आणि बोल्ट मोडलाच, तर? प्रथम हत्यारें खालीं ठेवून चहा घ्यावा. त्या क्षणीं रागाच्या भरांत केलेलें काम जवळजवळ नेहमींच चुकतें. मोडका तुकडा पृष्ठभागाच्या थोडा वर असेल तर त्याच्यावर नवा नट ठेवून आंतून वेल्डिंग करवून घ्यावें. ह्यांत पकड मिळते आणि वेल्डिंगची उष्णता गंजही तोडते, असा दुहेरी लाभ होतो. घरच्या उपायांपेक्षां हाच उपाय अधिक यशस्वी ठरतो. तुकडा आंत असेल तर त्याच्या अगदीं मध्यावर पंचानें खूण करून भोंक पाडावें लागतें. हें काम सर्वांत नाजूक. मध्य अर्धा मिलिमीटर चुकला तरी ड्रिल मऊ बिडाकडे सरकतें आणि ब्लॉकाचे आटे खातें. उलट्या दिशेनें कापणारें ड्रिल मिळाल्यास तेंच वापरावें. पुष्कळदां भोंक पाडतां पाडतांच तुकडा फिरून बाहेर येतो. भोंकांत ठोकून उलटा फिरविण्याचा जो कठीण पोलादी एक्स्ट्रॅक्टर मिळतो, त्याच्यावर फार विसंबूं नये; तो ठिसूळ असतो, आणि आंत मोडला तर त्यास साधें ड्रिल लागत नाहीं. ज्यास आपल्या हाताची खात्री नाहीं, त्यानें ह्या टप्प्यावर ब्लॉक चांगल्या मशीन-शॉपमध्यें न्यावा. तेथें जाण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. उलट चार वेळां चुकून मग नेलेला ब्लॉक पाहून कारागीर हळहळतो. आटे गेलेच असतील तर भोंक मोठें करून त्यांत तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवितां येतात, आणि ते मूळच्यापेक्षां कमजोर नसतात.

ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांत पोलादी तुकडा मोडला असेल, तर मात्र एक नामी घरगुती उपाय आहे, आणि त्याचें औषध स्वयंपाकघराच्या किंवा दाढीच्या सामानांतच सांपडतें. तें म्हणजे तुरटी. तुरटीच्या दाट, गरम द्रावणांत तो भाग बुडवून ठेविला तर पोलाद हळूहळू विरघळतें आणि ॲल्युमिनियमास फारशी बाधा होत नाहीं. घड्याळजी मंडळी मोडके स्क्रू काढण्यास हीच युक्ति योजीत आलेली आहे. ह्यास कांहीं तासांपासून कांहीं दिवसांपर्यंत वेळ लागतो. भांडें कांचेचें असावें, लोखंडी नसावें, आणि तें पुन्हां स्वयंपाकास वापरूं नये; इतर पोलादी भाग आधीं काढून घ्यावेत; आणि बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो म्हणून जागा मोकळी असावी. बिडाच्या ब्लॉकास हा उपाय लागू नाहीं, कारण तुरटी बिडासही खाईल. ह्याच्या उलट धुण्याचा सोडा : तो लोखंडास निरुपद्रवी, पण ॲल्युमिनियमास खातो. आमच्या भगिनी जर्मनचीं भांडीं सोड्यानें कां घाशीत नाहींत, ह्याचें कारण हेंच होय.

शेवटीं जोडणीविषयीं दोन शब्द. ब्लॉकांतील प्रत्येक भोंकाचे आटे साफ करून तळाचें तेल व पाणी कापडानें टिपून घ्यावें. बंद तळाच्या भोंकांत द्रव राहिला आणि वरून बोल्ट कसला, तर द्रव दाबला जात नसल्यामुळें सारा जोर ब्लॉकावर येतो व तो फुटतो. सोडवितांना वांचविलेला ब्लॉक जोडतांना गमावल्याचीं उदाहरणें ह्याच कारणानें घडतात. आट्यांस तांब्याचें किंवा ग्रॅफाइटचें न धरणारें ग्रीस बोटानें पुसल्याइतकें लावावें. वंगण लाविलेला बोल्ट तितक्याच पिळानें अधिक ताणला जातो. म्हणून पुस्तकांतील आंकडा कोरड्या आट्यांसाठीं असेल तर तो कमी धरावा. आणि रेडिएटरांत ह्यापुढें नुसतें पाणी न घालतां गंजरोधक कूलंट घालावें. त्यांतील ग्लायकॉल चवीस गोड व फार विषारी असतें. डबा मुलांच्या व घरच्या कुत्र्यामांजरांच्या हातीं लागूं देऊं नये, आणि सांडलेलें लगेच धुऊन काढावें.

ह्या सर्व कामास, फावल्या वेळांत करणाऱ्यास, एखादा महिना सहज लागेल. तेवढा महिना घरांतील वडील मंडळींनीं 'झालें कां? झालें कां?' म्हणून पुतण्यास सतावूं नये, आणि पुतण्यानेंही त्यांस न विचारतां ब्लॉकावर घण उचलूं नये. शेजारच्या गल्लींत ह्या गाड्यांवर हयात घालविलेला एखादा वृद्ध मिस्त्री असेल तर त्यास आदरानें बोलवावें, खुर्ची द्यावी, आणि तो पाना कसा धरतो व कोठें थांबतो तें नीट पाहून घ्यावें. गाड्या रस्त्यांवरून गेल्या, त्यांच्याबरोबर हे हातही चालले आहेत. आणि कोठें थांबावें हें ज्ञान पुस्तकांतून अर्धेंच मिळतें. पुढील महिन्यांत, हेड निघाल्यानंतर व्हॉल्व्ह घरच्या घरीं कसे घासावेत, ह्याविषयीं लिहिण्याचा आमचा विचार आहे. तोंपर्यंत ज्या वाचकांच्या दारीं अशी गाडी उभी आहे, त्यांनीं आज सायंकाळींच तेलाचे पहिले दोन थेंब घालून ठेवावेत.